पेल्यावर हात

राजदीप दिवसभर टनांत जगायचा आणि संध्याकाळी ग्रॅमात. गडचांदूरच्या एका सिमेंट कारखान्यात तो वजनकाट्यावर होता. भरलेले ट्रक तोलून, पावत्या फाडून, ड्रायव्हरांची बोलणी खाऊन घरी आला की हातपाय धुवायचा आणि रेकॉर्ड प्लेअरच्या सुईचा भार मोजायला बसायचा. सुईने रेकॉर्डवर दोन ग्रॅमांच्या आतच टेकावं, हा त्याचा धर्म. भार जास्त झाला तर ती खाच खरवडते, कमी झाला तर नाचते. एवढ्याशा कामासाठी त्याने सोनाराकडे असतो तसला चिमुकला काटा मागवला होता. त्याची आई पंचफुलाबाई आळीत सांगत सुटायच्या, की पोरगं नोकरीवर काटा पाहते, घरी आलं तरी काटाच पाहते, पोरगी पाहा म्हटलं की मात्र त्याचे डोळे दुखतात.

ते डोळे एकदाचे बरे झाले चंद्रपूरच्या वधू-वर परिचय मेळाव्यात. तिथे स्टेजवर जाऊन नाव, शिक्षण, नोकरी आणि छंद सांगायचा असतो. बाकीच्या मुलांनी वाचन, क्रिकेट, समाजसेवा असं शहाण्यासारखं सांगितलं. राजदीपने माईक हातात घेतला आणि रेकॉर्ड फिरताना सुई खाचेत तिरकी का बसू नये, हे समजावायला सुरुवात केली. कार्यकर्त्यांनी माईक काढून घेतला तेव्हा तो नुकता रंगात आला होता. सगळं सभागृह हसलं. भामरागडच्या दवाखान्यात नर्स असलेली रिनाही हसली, पण जेवणाच्या रांगेत ती त्याला शोधत आली आणि तिने विचारलं, की एक लहान रेकॉर्ड आहे, फार जुनी, ती तुमच्या मशीनवर वाजेल का. तिने त्या वेळी हातातलं ताट वाजेल का म्हणून विचारलं असतं तरी तो हो म्हणाला असता.

रेकॉर्ड होती रिनाच्या आईची, गिरजाबाईंची. पोरवयात त्या मूल गावच्या एका गायन पार्टीत मागे कोरसला बसायच्या. ती पार्टी एकदा नागपूरला जाऊन रेकॉर्ड करून आली. गाणं सगळं मुख्य गायकाचं, पण शेवटच्या कडव्याआधी एक ओळ एकट्या गिरजाबाईंची होती. पुढे लग्न झालं, नवरा लवकर गेला, भामरागडच्या आश्रमशाळेत स्वयंपाकीण म्हणून अख्खं आयुष्य गेलं. रेकॉर्ड लोखंडी पेटीत लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून राहिली, कारण वाजवायला काहीच नव्हतं. स्वतःची ओळ त्यांनी जन्मात एकदाच ऐकायला घेतली होती, जयंतीला, चौकातल्या भोंग्यावर. नेमकी त्या ओळीला कोणीतरी फटाक्यांची लड लावली. तेव्हापासून गिरजाबाई सांगायच्या की मी रेकॉर्डवर गायली आहे, आणि लोक मान हलवायचे, जशी आपण म्हाताऱ्या माणसांपुढे हलवतो.

रिना आणि राजदीप यांचं फोनवर जमलं. एवढं जमलं, की भामरागडला रेंज गेली की गडचांदूरला याचं जेवण जाईना. पण गिरजाबाईंनी आधी दोन स्थळं परत पाठवली होती आणि तिसरं, गडचिरोलीचा एक बँकवाला, आशेवर बसला होता. त्यांनी निरोप धाडला, की पोरगा आमच्याकडे येऊन पोरगी पाहणार हे जुनं झालं, मीच येऊन पोरगा पाहते, रेकॉर्ड घेऊन येते. वाजली तर पुढचं बोलू. नाही वाजली तर पावसात भामरागडचा रस्ता बंद होतो, दिवाळीपर्यंत कोणी कोणाकडे येत-जात नाही, आणि बँकवाला काही दिवाळीपर्यंत थांबायचा नाही. राजदीपला एवढं गणित पुरेसं होतं. त्याने कारखान्यात रजा टाकली आणि सुईची तालीम सुरू केली.

तालमीला पहिल्याच दुपारी दृष्ट लागली. राजदीपचा दोस्त रईस आला होता. बस स्टँडजवळ त्याचं मिक्सर आणि पंखे दुरुस्तीचं दुकान आहे, आणि दुपारचा चहा तो राजदीपकडेच पितो. रेकॉर्ड सुरेख वाजत होती. रईस दुकानातल्या कोणत्या तरी गिऱ्हाईकाला शिव्या देत होता. देता देता त्याने चहाच्या पेल्यावर तळहात ठेवला, क्षणभर थांबला, मग हात काढून शिवी पुरी केली. त्याच क्षणभरात सुईने उडी मारली आणि गाण्याचं एक कडवं खाऊन टाकलं.

आता पेल्यावर हात ठेवून क्षणभर थांबणं ही गडचांदूरची जुनी खोड आहे. दुपारच्या त्या वेळेला सगळेच तसं करतात, लहान पोरंसुद्धा, आणि का करतात हे कोणी कोणाला विचारत नाही. बाहेरच्या माणसाने विचारलं असतं, पण त्या खोलीत बाहेरचं कोणी नव्हतं.

राजदीपचा चेहरा पडला. सुई ज्या डबीत बसते ती कार्ट्रिज तिरकी झाली असणार, असं त्याने ठरवलं. दोन बारीक स्क्रू सैल केले, दोन टिंबांचा कागद रेकॉर्डच्या जागी ठेवला, सुई एका टिंबावर सरळ बसवली तर दुसऱ्यावर वाकडी, दुसऱ्यावर सरळ तर पहिल्यावर वाकडी, असं करत संध्याकाळ केली. संध्याकाळी रेकॉर्ड कशी लोण्यासारखी वाजली. दुसऱ्या दुपारी सुईने पुन्हा उडी मारली.

मग घरातल्या प्रत्येकाला अक्कल सुचली. आपल्या घरात नजर-बिजर मानत नाहीत, म्हणून पंचफुलाबाईंनी सरळ रईसवर संशय घेतला, कारण तो आला की सुई उडते. वडील रामाजी चुनखडीच्या खाणीतून रिटायर झालेले. सुरुंगासाठी दगडात भोकं पाडायचं काम त्यांनी जन्मभर केलं आणि कान त्या कामाला देऊन घरी आले. त्यांचं म्हणणं, कपाटाखाली उंदीर आहे. त्यांनी पिंजरा लावला. पिंजऱ्यात शेजारच्या मांजरीचं पिल्लू सापडलं आणि शेजारणीशी बोलणं बंद झालं. रईसने आपला खानदानी इलाज सांगितला. त्याचे वडील नूरुद्दीन पूर्वी लग्नांत लाउडस्पीकर लावायचे, आणि नाचणाऱ्यांच्या धक्क्याने सुई उडू नये म्हणून सुईच्या दांडीच्या टोकावर एक नाणं चिकटवायचे.

राजदीपने कानांवर हात ठेवले. दोन ग्रॅमांच्या सुईवर नाणं म्हणजे नवजात पोराच्या डोक्यावर सिमेंटचं पोतं, असं तो म्हणाला. पण पाहुणे यायचा दिवस जवळ आला. सुई दर दुपारी उडत राहिली, आणि दर उडीनंतर त्याने काहीतरी फिरवलं. दांडीची उंची वर केली, खाली केली, मागचं वजन पुढे घेतलं, कार्ट्रिज उगीच इकडची तिकडे केली. शेवटी जे माणूस शेवटी करतो ते त्याने केलं. रिनाचा फोन आला, आम्ही आलापल्लीला मुक्कामाला पोचलो म्हणून, आणि फोन ठेवून त्याने दांडीवर नाणं चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला जीप दारात लागली. गिरजाबाई उतरल्या त्या एका हातात टेंभरांची, म्हणजे तेंदूच्या फळांची, पिशवी आणि दुसऱ्या हाताने छातीशी धरलेलं लुगड्याचं गाठोडं घेऊन. जयभीम झाला. मागून रिना उतरली. फोनवर वाटायची त्यापेक्षा ती समोर कितीतरी जास्त खरी होती, आणि त्याने स्वागत म्हणून तिला विचारलं, की रस्त्यात रेकॉर्डला धक्के तर नाही बसले. रिनाने हसू दाबलं. रईस कोपऱ्यात बसून गालातल्या गालात मजा घेत होता, पण तोही आतून घाबरलेला होता, कारण नाणं त्याचं होतं.

पंचफुलाबाईंनी आमरस आणि काडीवर वळलेले कणकेचे सरगुंडे केले होते. रसाचे पेले सगळ्यांपुढे आले. गिरजाबाईंनी पेल्याला हात लावला नाही. जेवण मग, आधी ओळ, असं त्या म्हणाल्या आणि गाठोडं सोडलं. रेकॉर्ड जुनी होती, पण जपलेली. राजदीपने ती दोन तळहातांच्या मधे धरली, पुसली, बसवली. सुई टेकली.

आधी खरखर, मग पेटी, मग ढोलकी, मग मुख्य गायकाचा खणखणीत आवाज. गिरजाबाईंनी डोळे मिटले. कोरस आला तेव्हा त्यांचे ओठ हलू लागले. मुख्य गायक थांबला, ढोलकीने जागा करून दिली. आता येणार म्हणून गिरजाबाईंनी श्वास घेतला.

रामाजींनी रसाच्या पेल्यावर तळहात ठेवला. पंचफुलाबाईंनी ठेवला. रईसने ठेवला. राजदीपसमोर पेला होता, त्यानेही ठेवला. सुई उडाली, रेकॉर्डवरून घसरत गेली आणि थेट शेवटच्या धूनमध्ये जाऊन पडली. नाणं टपकन खाली आलं.

राजदीपला वाटलं, आपण संपलो. त्याने वर पाहिलं तर गिरजाबाई जागेवर नव्हत्या. त्या रिनाचा हात धरून दाराच्या उंबऱ्यावर उभ्या होत्या, आणि रिनाच्या साडीवर आमरस सांडला होता.

"जमीन हालली," गिरजाबाई म्हणाल्या.

रामाजींनी कान पुढे करून विचारलं, "कुठी?"

"इथी. आत्ता. दार वाजलं, भांडे वाजले. अन् तुम्ही सगळे पेल्यावर हात ठेवून बसले. काऊन?"

सगळ्यांनी आपापल्या हाताकडे पाहिलं. चार माणसं, चार पेले, चार तळहात. दुसऱ्याच कोणाचे हात आपल्या पेल्यांवर कोणी ठेवून गेलं असावं, अशी ती पाहत होती.

"तो तं बार हाये, बाई," रामाजी म्हणाले, एस.टी. आली म्हणावं तशा आवाजात. "खाणीतला. रोज दुपारी उडवते. रसात धूळ पडू नये म्हणून..." आणि ते मधेच थांबले. त्यांचं तोंड उघडं राहिलं. ज्या माणसाने आयुष्यभर त्याच सुरुंगांची भोकं पाडली, त्याने घरात पिंजरा लावला होता.

रोज दुपारी चुनखडीच्या खाणीत सुरुंग उडतो, त्याआधी भोंगा वाजतो, जमीन थरथरते, छताची धूळ खाली येते. गडचांदूरला हे इतकं रोजचं आहे, की हात आपोआप पेल्यावर जातो आणि कानाला त्याची खबरही नसते. संध्याकाळी रेकॉर्ड नीट का वाजते, रईस आला की सुई का उडते, सगळं एकदम उजेडात आलं. आधी रईस हसला. मग पंचफुलाबाईंना हसू आलं, आणि त्या हसता हसता मांजरीच्या पिल्लाचं सांगू लागल्या. रिना उंबऱ्यावर बसूनच हसत होती, साडीवरचा रस तसाच ठेवून. राजदीपला इतकं हलकं वाटलं की तो आता मागचं वजन पार मागे नेलेल्या दांडीसारखा हवेत तरंगेल. सुई तिरकी नव्हती. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

गिरजाबाई मात्र हसल्या नाहीत. "जलमात दोनदा ऐकली," त्या म्हणाल्या. "एकदा फटाके, एकदा बार." त्यांनी लुगड्याचा तुकडा उचलला.

राजदीपचं हसू तिथेच विरलं. रामाजी म्हणाले, की बाई, बार झाला आता, उद्यापर्यंत काही भीती नाही, पुन्हा लावू. गिरजाबाईंनी तुकडा खाली ठेवला आणि राजदीपकडे पाहिलं. जिपेला परत आलापल्ली गाठायची होती, जंगलातला रस्ता उजेडी पार व्हायला हवा होता.

राजदीप उठला नाही. त्याने सुईकडे पाहिलं, मग जमिनीवर पडलेल्या नाण्याकडे, आणि मग सगळा पाढा त्याच्या डोक्यात वाजला. चुकलं काही नव्हतं ते पहिल्या दिवशी. त्यानंतर दुरुस्तीच्या नावाखाली रोज त्याने जे फिरवलं होतं, ते सगळं आता खरंच चुकलेलं होतं. कार्ट्रिज खरोखर तिरकी झाली होती, भार तिपटीवर गेला होता. त्या सुईखाली गिरजाबाईंची एकुलती एक रेकॉर्ड पुन्हा ठेवायची म्हणजे ती ओळ नांगरून काढायची.

"मावशी, आता नाई लावत मी," तो म्हणाला.

पंचफुलाबाईंनी त्याला डोळ्यांनी खुणावलं, लाव मुकाट्यानं म्हणून.

"काऊन? बार तं झाला," गिरजाबाई म्हणाल्या.

"सुई मीच बिघडवली. अशी लावली तं तुमची ओळ खरवडून जाईन. नीट करतो, मंग लावतो."

"किती वेळ लागन?"

"लागन तेवढा."

पंचफुलाबाईंनी कपाळाला हात लावला. बँकवाला जावई झालेला त्यांना स्पष्ट दिसला. गिरजाबाई भिंतीला टेकून बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी रसाचा पेला तोंडाला लावला.

राजदीपने दोन टिंबांचा कागद बसवला, स्क्रू सैल केले, आणि त्याच्या लक्षात आलं की उजेड धरायला तिसरा हात पाहिजे. रिना येऊन शेजारी बसली. तिने मोबाईलचा टॉर्च लावला आणि असा धरला, की सुईची सावली बरोबर टिंबाच्या बाहेर पडली. लहान बाळांच्या हाताला शीर शोधणारी ती, तिचा हात दगडासारखा स्थिर. राजदीपचा मात्र पाण्यावरच्या पानासारखा. सुई टिंबावर येई, आणि रिनाचा श्वास त्याच्या मनगटाला लागला की निसटे.

"श्वास रोखू का?" रिनाने हळूच विचारलं.

"नको. असा चालते," राजदीप म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. रईस खोकला. दोन्ही आयांनी एकदम दुसरीकडे पाहायचं ठरवलं आणि दोघींनीही पाहिलं नाही.

मुलगा-मुलगीला जरा बोलू द्या, म्हणून लोक पोरांना गच्चीवर पाठवतात आणि ती पोरं तिथे पाण्याच्या टाकीकडे बघत उभी राहतात. इथे दोन डोकी एका सुईवर वाकली होती, केसाएवढं डावीकडे, अजून थोडं, बस, नाही गेलं, परत, असं चाललं होतं, आणि त्यात जेवढं बोलणं झालं तेवढं भामरागडच्या रेंजमध्ये कधीच झालं नव्हतं. पहिलं टिंब जमलं. दुसरं हुकलं. दुसरं जमलं, पहिलं हुकलं. मग रिनाने डोकं जरा तिरकं करून सांगितलं, की मागचा स्क्रू आवळताना डबी फिरते आहे, तो आधी हलका आवळा. तसं केलं आणि सुई दोन्ही टिंबांवर सरळ बसली. राजदीपला आरडाओरडा करावासा वाटला, पण त्याने भार मोजला. चिमुकल्या काट्यावर आकडा आला तो त्याला पाठ होता. दांडी सपाट झाली. रिनाने टॉर्च बंद केला नाही, विसरली.

"आता," राजदीप म्हणाला.

पुन्हा खरखर, पण या वेळी कमी. पेटी, ढोलकी, मुख्य गायक, कोरस. मघाशी जो आवाज पत्र्याच्या डब्यातून येत होता तो आता खोलीत येऊन बसला. ढोलकीने जागा करून दिली. रामाजींनी कानामागे हात धरला. कोणाचाच हात पेल्यावर नव्हता.

*उजाडलं गं बाई, आता कंदील मालवू दे.*

सोळा वर्षांची मुलगी गात होती. आवाज पातळ होता, जरासा घाबरलेला, आणि शेवटच्या शब्दावर तिला आपण बरोबर गायलो हे कळल्याचा आनंद इतका झाला होता, की तो सुरातून ऐकू येत होता. मग कोरसने ती ओळ उचलली आणि गाणं पुढे गेलं.

रिना आईकडे पाहत होती. तिने हे आयुष्यभर ऐकलं होतं की आई गायली आहे, आणि आज पहिल्यांदा ते ऐकलं. गिरजाबाईंचे डोळे भरले होते, पण त्या रडत नव्हत्या, त्या फुगल्या होत्या. "होतीच ना," त्या म्हणाल्या. "म्या सांगतच होती."

पंचफुलाबाईंनी त्यांचा हात धरला. गाणं चालूच होतं. गिरजाबाईंनी डोळे पुसले, रसाने माखलेल्या मुलीकडे पाहिलं, नाण्याकडे पाहिलं, घाम पुसणाऱ्या राजदीपकडे पाहिलं.

"इथी जमीन हालली तरी कोणी पेला सांडू देत नाई," त्या रिनाला म्हणाल्या. "अन् पोरगा घाईनं सुई टेकवत नाई. मले हे घर चालते."

राजदीपने हे ऐकलं आणि जागच्या जागी उडी मारली. अगदी दोन्ही पाय जमिनीवरून सुटले. वजनकाट्यावरचा माणूस, चौतीस वर्षांचा, भरल्या अंगाचा, तो खाली आला तेव्हा फरशी दणाणली, कपाटातली भांडी वाजली आणि सुईने या घरातली आपली शेवटची उडी घेतली. पण ती या वेळी पुढे नाही, मागे गेली, मोजक्या काही खाचा ओलांडून.

*उजाडलं गं बाई, आता कंदील मालवू दे.*

राजदीप जीभ चावून सुई उचलायला धावला.

"राहू दे," गिरजाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आपल्या पेल्यावर तळहात ठेवला.